घनता पास, पिना नापास: रबाळ्यातल्या एका सिलिकॉन नायट्राइड लाइनचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रोडला रबाळे एमआयडीसीत एक छोटं सिरॅमिक युनिट आहे. नाव देत नाही, आणि आकडेही जरा गोल केलेत म्हणजे कुणी ओळखायला नको. मंडळी मूळची अॅल्युमिनावाली (म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक), बुश, नोझल, थर्मोकपलच्या नळ्या, पंपाचे सील असला माल वर्षानुवर्षं करत आलेली. मग चाकणच्या एका वेल्डिंग व्हेंडरने विचारलं की सिलिकॉन नायट्राइडच्या लोकेटर पिना कराल का, बाहेरून मागवतो त्या महाग पडतात आणि वेळेवर येत नाहीत. मालक हो म्हणाले, नायट्रोजनची ग्रॅफाइट भट्टी घेतली आणि लाइन सुरू झाली.

ही पिन काय असते ते आधी सांगतो. गाडीच्या पत्र्याला नट वेल्ड करतात तेव्हा खालच्या इलेक्ट्रोडमधून एक पिन वर आलेली असते, पत्र्याचं भोक आणि नट दोन्ही त्या पिनेवर बसतात, वरून इलेक्ट्रोड दाबतो, करंट जातो, ठिणग्या उडतात, की पुढचा नट. दिवसभर हेच. पिनेतून करंट जाता कामा नये, स्पॅटर, म्हणजे उडालेले धातूचे थेंब, चिकटता कामा नये, आणि क्षणात तापून गार झाली तरी तडकता कामा नये. अॅल्युमिना इथे थर्मल शॉकने मरतो. सिलिकॉन नायट्राइड तापल्यावर अॅल्युमिनाच्या निम्म्याहूनही कमी प्रसरण पावतं आणि त्याचा टफनेस, म्हणजे तडा पसरू न देण्याची ताकद, चांगल्या मालात ६ च्या आसपास (मेगापास्कल रूट मीटरमध्ये), अॅल्युमिनाचा ३ ते ४, म्हणून ते तगतं.

पण हे मटेरियल नखरेल आहे. ते वितळत नाही, साध्या दाबाच्या नायट्रोजनमध्ये १८५०-१९०० डिग्रीच्या आसपास सरळ फुटून सिलिकॉन आणि नायट्रोजन व्हायला लागतं. म्हणून नुसती पावडर दाबून भाजली तर काहीच होत नाही. त्यात ५-६ टक्के यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) आणि ३-४ टक्के अॅल्युमिना टाकतात, प्रत्येक कणावर मुळातच सिलिकाचा पातळ थर असतो, हे तिघं मिळून भट्टीत द्रव काच बनवतात, त्या द्रवात नायट्राइडचे अल्फा कण विरघळतात आणि बीटा या दुसऱ्या स्फटिकरूपात परत बाहेर येतात, लांबट काड्यांसारखे, एकमेकांत गुंतलेले. टफनेस येतो तो या काड्यांमुळे, तडा जायला निघाला की त्याला वळसे घालत जावं लागतं. म्हणून विकत घेतानाच अल्फा ९० टक्क्यांच्या वर असलेली पावडर घेतात. इथपर्यंत सगळं पुस्तकात मिळतं आणि या युनिटमध्ये हे सगळं नीट होतंही. प्रकरण घडलं ते पावडरची गोणी उघडल्यापासून भट्टीचं दार लागेपर्यंतच्या मधल्या भागात.

सुरुवातीला हे लोक पावडर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिल करायचे, म्हणजे गोळ्यांबरोबर फिरवायचे, बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा गोंद, पीव्हीबी, ट्रेमध्ये सुकवायचे आणि चाळणीवर हाताने घासून दाणे करायचे. काम हळू, धूळ भरपूर, पण पिना उत्तम. व्हेंडरने अप्रूव्हल दिलं ते याच मालावर. तेव्हा एकदा वाकवून तोडायची टेस्ट केली होती, ३ बाय ४ बाय ४५ मिलिमीटरचे बार, चार पॉइंटवर. सरासरी ८०० मेगापास्कल आणि वायबुल मॉड्युलस, म्हणजे माल किती एकसारखा त्याचा आकडा (जास्त तितका बरा), १४ च्या आसपास. झकास आकडे.

मग ऑर्डर वाढली. आयपीएचे ड्रम साठवायचे तर परवानग्या, फायरवाल्यांच्या अटी, इन्शुरन्सची कटकट, आणि आयपीएवर स्प्रे ड्रायर (पातळ मिश्रण गरम हवेत फवारून दाणे करणारं यंत्र) चालवायचा तर नायट्रोजनची बंद लूप लागते, तो खर्च छोट्या युनिटच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून मालकांनी पाण्यावर जायचं ठरवलं. बाइंडर पीव्हीए, सुकवायला अॅल्युमिनाचाच जुना स्प्रे ड्रायर, आणि मोठी नवीन बॉल मिल, आत पॉलियुरेथेनचं लायनिंग, गोळे सिलिकॉन नायट्राइडचेच म्हणजे दुसरं काही मिसळायला नको. काहीजण आता म्हणतात की तिथेच चुकलं. मला तसं वाटत नाही, एवढ्या दाटीच्या शेडमध्ये ज्वलनशील सॉल्व्हंट न ठेवणं हा शहाणपणाच होता.

अडचण

पाण्यावरचे पहिले लॉट एप्रिल-मेमध्ये गेले, तक्रार नाही. ऑगस्टच्या मध्यावर चाकणहून फोन, पिना तुटतायत. आधी महिनोन्महिने चालणारी पिन आता कधी दुसऱ्या शिफ्टलाच जाते, कधी मस्त चालते, काही सांगता येत नाही. हे 'काही सांगता येत नाही' फार महत्त्वाचं होतं पण तेव्हा ते कुणी उचललं नाही.

युनिटमध्ये रिवाज असा की प्रत्येक लॉटची घनता, कडकपणा आणि डाय पेनिट्रंट (वरच्या भेगांत शिरणारा रंग लावून तपासणी) बघायचं. तिन्ही पास. प्रॉडक्शन सांभाळणारे काका रजिस्टर उघडूनच बसले, "मॅडम, घनता ३.२४ आलीये, गेल्या वर्षी पण ३.२४ च होती, माल तोच आहे, त्यांचं मशीनच वाकडं असणार." क्वालिटीच्या मॅडम नवीन, वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण त्यांनी एक प्रश्न विचारला ज्याने सगळं फिरलं, "काका, पाण्यावर गेल्यापासून आपण एकदा तरी बार तोडून बघितलेत का?" नव्हते बघितले. बारचं ग्राइंडिंग बाहेरून करून घ्यावं लागतं, डायमंड व्हीलचं काम, पैसे जातात, म्हणून राहून गेलं होतं.

तोडले. जुलैत प्रेस केलेल्या लॉटचे ३० बार. सरासरी ६०० आणि मॉड्युलस ७.

सरासरी पाव हिश्श्याने पडली हे सगळ्यांना दिसलं. मॉड्युलस निम्म्यावर आला याचा अर्थ मात्र समजावून सांगावा लागला. वायबुल नावाच्या स्वीडिश इंजिनियरने १९५१ मध्ये जो पेपर लिहिला त्यातलं गणित इथे लावलं की कळतं, आधीच्या मालात हजारातली सर्वात कमजोर पिन साधारण ५०० मेगापास्कलला तुटेल, आताच्या मालात ती २४० ला तुटेल. म्हणजे सरासरीत पाव हिस्सा गेला पण शेपटीत, म्हणजे सगळ्यात कमजोर पिनांत, अर्ध्याहून जास्त गेला, आणि गिऱ्हाईक सरासरीवर ओरडत नाही, शेपटीवर ओरडतं. चाकणवाल्यांचं 'काही सांगता येत नाही' ते हेच.

मग घनता का पास होते? हा हिशोब मॅडमनी फळ्यावर करून दाखवला आणि काका पहिल्यांदा गप्प झाले. समजा १२० मायक्रॉनचं एक भोक, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. त्याचं आकारमान एक घन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एका बारमध्ये अशी १०० भोकं धरली तरी ५४० घन मिलिमीटरच्या बारमध्ये ती ०.०१७ टक्के होतात, म्हणजे घनता ३.२४ ऐवजी ३.२३९५. आर्किमिडीजच्या वजनकाट्यावर एवढा फरक कुणालाच दिसणार नाही. आणि ताकद जाते ती या १०० भोकांतल्या चुकीच्या जागी बसलेल्या एकामुळे.

पर्याय

इथे मला मदतीला बोलावलं. टेबलावर चार-पाच कल्पना होत्या आणि प्रत्येकाची आवडती वेगळी.

मालकांची आवडती, भट्टी वाढवा. १७५० ऐवजी १८०० करा, वेळ वाढवा, नीट भाजलं जाईल. सगळीकडे पहिला हात भट्टीकडेच जातो कारण तिथे एक बटण आहे आणि ते फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण मोठं भोक, ज्याच्या भोवती डझनावारी कण आहेत, ते भाजून बुजत नाही. कणांच्या मानाने भोक लहान असेल तरच त्याला बुजायची ओढ असते, मोठं असेल तर ते तसंच राहतं, उलट थोडं वाढतंही. तरी मालकांच्या समाधानासाठी एक भट्टी लावली. घनता तीच, ताकद तीच, वजनातली घट जास्त, वरच्या ट्रेमधल्या पिनांची कातडी खरखरीत. एक भट्टी वाया गेली असं कुणी म्हणेल, पण त्यानंतर भट्टीचा विषय बंद झाला, ते मला स्वस्तात पडल्यासारखं वाटलं.

दुसरी, हॉट आयसोस्टॅटिक प्रेस, म्हणजे तापवून सगळ्या बाजूंनी वायूचा दाब देणं, बाहेर जॉबवर पाठवायचं. आतली बंद भोकं त्याने मिटतात हे खरं, पण पृष्ठभागाला उघडी असलेली मिटत नाहीत आणि खर्च पिनेच्या भावाएवढा. सोडलं.

तिसरी, परदेशातून रेडी-टू-प्रेस दाणे आणायचे. बिनधोक, पण मग या युनिटकडे स्वतःचं असं राहतं काय, नुसतं दाबून भाजणं. शिवाय तिकडून यायला लागणारा वेळ. ही मागे ठेवली, सगळं फसलं तर म्हणून.

चौथी काकांची, आयपीएवर परत जाऊ. भावना समजण्यासारखी, पण ड्रमचा प्रश्न तिथेच होता.

पाचवी मॅडमची, आधी तुटलेल्या पिना बघू. हा खरं तर पर्याय नव्हता, बाकीच्या चौघांवर बोलायच्या आधीची पायरी होती. नेमक्या इथेच एक गंमत झाली. पाण्यात मिल चालू असताना झाकण उघडलं की अमोनियाचा भपकारा यायचा, डोळे चुरचुरायचे. सिलिकॉन नायट्राइड आणि पाणी हळूहळू एकमेकांना खातात, सिलिका बनतो आणि अमोनिया सुटतो. म्हणून तोपर्यंत सगळ्यांनी गुन्हेगार ठरवून टाकला होता, ऑक्सिजन वाढला, काच जास्त झाली, संपलं. मलाही तो उघड संशयित वाटत होता. नुसती नायट्राइड पावडर पाण्यात ४८ तास फिरवून मोजली तर ऑक्सिजन १.३ वरून २ टक्क्यांच्या जवळ गेलेला. म्हणजे आरोप खोटा नव्हता. प्रश्न एवढाच की पिना त्यानेच तुटतायत का. जास्त काचेने माल सगळीकडे सारखाच थोडा उतरतो, मॉड्युलस असा निम्म्यावर कोसळत नाही. कोसळतो तेव्हा कुठेतरी मोठे, एकटे-दुकटे दोष बसलेले असतात.

काय केलं

चाकणला सांगितलं की तुटलेले तुकडे फेकू नका, दोन्ही भाग वेगवेगळ्या पिशवीत ठेवा, आणि देवाशपथ ते परत एकमेकांवर बसवून बघू नका, घासून कडा जातात आणि पुरावा जातो. पहिल्या वेळी आले ते सेलोटेपने जोडून आले, अर्थातच. दुसऱ्या वेळी नीट आले.

तुकडा एसीटोनमध्ये अल्ट्रासॉनिकला धुवायचा, प्लॅस्टिसिनच्या गोळ्यात उभा रोवायचा, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बाजूने आडवा प्रकाश टाकायचा. तुटलेल्या तोंडावर रेघा दिसतात, पंख्यासारख्या पसरत गेलेल्या. त्या रेघा उलट्या दिशेने धरत गेलं की सगळ्या एका गुळगुळीत अर्धगोल भागाकडे जमतात, त्याला मिरर म्हणतात, आणि मिररच्या मध्यावर बसलेला असतो तो दोष. यातल्या निवडक तुकड्यांचे एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटो बाहेरून पवईला काढून घेतले, पण खरं सांगायचं तर अर्धा निकाल स्टिरिओवरच लागला होता.

दोन प्रकारचे दोष निघाले. बहुतेक ठिकाणी तिकोनी किंवा चंद्रकोरीच्या आकाराची पोकळी, पृष्ठभागाजवळ, ५० ते ६० मायक्रॉन खोल. टफनेस ६ धरून गणित केलं की ६० मायक्रॉन खोल दोष ६०० च्या जरा वर तुटतो, आणि ८०० हवे असतील तर दोष ३५ मायक्रॉनच्या आत हवा. आकडे इतके चपखल बसले की मालकांनी कॅल्क्युलेटर स्वतःच्या हातात घेऊन परत केलं. दुसरा प्रकार कमी वेळा दिसला, लांबट, वेटोळ्यासारखी पोकळी, कुठल्याही दाण्याच्या आकाराशी न जुळणारी.

वेटोळ्यांचा शोध आधी लागला. मिलमधली स्लरी, म्हणजे पावडर-पाण्याचं पातळ मिश्रण, २५ मायक्रॉनच्या चाळणीतून ओतली, वर जे राहिलं ते धुऊन सुकवलं. पांढऱ्या-करड्या पुडीत पिवळसर कीस, नखाने उचलता येईल असा. चिमट्यात धरून लायटर लावला तर वितळून जळका प्लॅस्टिकचा वास. मिलच्या लायनिंगचा भुगा. भट्टीत तो जळून जातो, त्याची जागा तेवढी रिकामी राहते. ४८ तासांत गोळ्यांनी लायनिंग किती खरवडलं असेल ते समोरच दिसत होतं.

चंद्रकोरीचा हिशोब जास्त मजेदार आहे. कच्ची पिन, म्हणजे दाबलेली पण न भाजलेली, मोडून बघितली तर तोंडावर दाणे वेगळे वेगळे दिसत होते, नीट न भिजलेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखे, एकमेकांना चिकटलेले पण आत सुटे. स्प्रे ड्रायरचे दाणे दाबाखाली चिरडून एकजीव व्हायला पाहिजेत. हे होत नव्हते. काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून बघितले तर कडक, टचकन फुटणारे, आणि बरेचसे मधून खळगा पडलेले, मेदूवड्याच्या आकाराचे. आता ते कडक का, आणि मेमध्ये का नव्हते?

मेमध्ये प्रेसरूम उघडी होती. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर कुणाच्या तरी मनात आलं की नायट्राइड पावडरला दमट हवा वाईट, म्हणून प्रेसरूमला एसी आणि डीह्युमिडिफायर बसवला. पावडरसाठी विचार बरोबर. पण दाण्यात पीव्हीए होता. पीव्हीएला मऊ ठेवतं ते पाणी, थोडा ओलावा असला की तो खोलीच्या तापमानाला लवचिक राहतो, कोरडा झाला की काचेसारखा कडक. नवी मुंबईच्या नेहमीच्या हवेत दाणे फुकटात मऊ राहत होते, कुणाला कल्पनाही नव्हती. डीह्युमिडिफायरने तो ओलावा काढून घेतला आणि दाणे खडे झाले. ज्या पावसाला सगळे दोष देत होते तो बिचारा उलट मदतच करत होता! काकांना हे पटायला वेळ लागला. शेवटी एकाच लॉटचे दाणे अर्धे कोरड्या खोलीत आणि अर्धे ५०-६० टक्के आर्द्रतेच्या बंद पेटीत रात्रभर ठेवले, सकाळी दोन्ही दाबून मोडून बघितले. पेटीतल्यांची तोंडं जवळजवळ सपाट. काका म्हणाले, "मग तो डब्बा बंद करा की आजच." बंद नाही केला, पावडरच्या स्टोअरमध्ये हलवला, तिथे त्याचं काम होतं.

खळग्याचं कारण वेगळं होतं आणि इथला निर्णय मला सगळ्यात अवघड वाटला. मिलिंगसाठी स्लरी छान सुटी हवी, त्यासाठी पीएच १० च्या आसपास आणि अमोनियम पॉलिअॅक्रिलेटचा डिस्पर्संट, म्हणजे कण सुटे ठेवणारं रसायन. पण इतकी सुटी स्लरी ड्रायरमध्ये फवारली की थेंब सुकताना कण पाण्याबरोबर बाहेरच्या बाजूला धावतात, बाइंडरही तिकडेच जातो, बाहेर टणक कवच आणि आत पोकळ. म्हणजे मिलसाठी जे चांगलं ते ड्रायरसाठी वाईट. दोन मार्ग होते, डिस्पर्संटच कमी टाकायचा आणि दोन्हीकडे मध्यम राहायचं, किंवा मिलनंतर ड्रायरच्या आधी मुद्दाम स्लरी जरा बिघडवायची. दुसरा घेतला. चाळून झालेल्या स्लरीत अगदी पातळ अॅसिटिक अॅसिड थेंबाथेंबाने, ढवळत, पीएच ९ च्या जवळ आणायचा, फ्लो कपमधून (तळाला भोक असलेला, दाटपणा मोजायचा पेला) पडायचा वेळ जरासा वाढला की थांबायचं. फार खाली न्यायचा नाही कारण आम्लाकडे गेलं की यट्रिया विरघळायला लागतो आणि मग स्लरीचं दही होतं. एकदा झालंही, अख्खा टब ओतून द्यावा लागला.

बाकीचे बदल साधे. मिलिंग ४८ वरून १६ तासांवर आणलं, कारण विकत घेतलेली पावडर मुळातच मायक्रॉनच्या आत असते, तिला दळायचं नसतं, गुठळ्या फोडायच्या आणि यट्रिया-अॅल्युमिना सारखं मिसळायचं एवढंच काम. ४८ तासांचा आकडा अॅल्युमिनाच्या जुन्या रेसिपीतून तसाच उचलला होता. या एका बदलाने लायनिंगचा कीसही कमी झाला आणि अमोनियाही. प्रत्येक स्लरी ड्रायरच्या आधी २५ मायक्रॉनच्या चाळणीतून आणि मॅग्नेटवरून. मिल झालेली स्लरी शनिवार-रविवार टबात पडून राहायची, ते बंद, ज्या दिवशी मिल त्याच दिवशी ड्रायर. पीव्हीए ३ टक्क्यांवरून दीडवर, त्यात थोडा पीईजी ४०० मऊपणासाठी. कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेसचा (न तापवता सगळ्या बाजूंनी दाबणारा) दाब १५० वरून २०० मेगापास्कल, त्यांच्या मशीनची तीच हद्द होती.

निकाल

दिवाळीनंतरच्या लॉटचे ३० बार तोडले. सरासरी ७८०, मॉड्युलस १२. आयपीएच्या मालाएवढे नाहीत, पण पाण्यावरचे म्हणून उत्तम. घनता अर्थातच ३.२४, काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. नव्या पावडरचा ऑक्सिजन दीड टक्क्याच्या आसपास राहिला.

चाकणच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण नाही. उरलेल्यांपैकी काही तुकड्यांवर दोष असा काही सापडलाच नाही, पिनेच्या बाजूवर धातूचा ओरखडा आणि तिथूनच तडा. वरचा इलेक्ट्रोड तिरका येऊन पिनेला बाजूने ठोकत होता. म्हणजे काकांचं 'त्यांचं मशीनच वाकडं' हे अगदीच खोटं नव्हतं, फक्त सगळ्या प्रकरणाचं ते कारण नव्हतं. फोटो पाठवल्यावर त्यांनी फिक्श्चर सरळ केलं.

किंमतही मोजावी लागली. ओलसर, मऊ दाणे डायला चिकटतात, पंच जास्त वेळा पुसावा लागतो, प्रेसचा वेग घटला. कच्ची घनता थोडी वाढल्याने आक्रसणं कमी झालं, त्यामुळे जुन्या डायमधून पिना जाड निघायला लागल्या आणि ग्राइंडिंगवाल्याने भाव वाढवून मागितला. नवीन डाय बनेपर्यंत तो दिला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात महाग पडलं ते चार-पाच गोष्टी एकाच हंगामात बदलणं. सॉल्व्हंट, बाइंडर, सुकवण्याची पद्धत, मिल, आणि वर प्रेसरूमची हवा. शेवटचा बदल तर कुणी बदल म्हणून नोंदवलाही नव्हता, इलेक्ट्रिशियनच्या बिलावरून तारीख काढावी लागली. प्रेस ते गिऱ्हाईक यात महिना-दीड महिना जातो, तेव्हा ऑगस्टची तक्रार जूनच्या एसीशी जोडायची तर रजिस्टरमध्ये एसीची ओळ पाहिजे ना.

प्रत्येक लॉटला ३० बार हे छोट्या युनिटला परवडणारं नाही, तो आग्रह मी धरला नाही. त्याऐवजी कच्ची पिन मोडून बघणं ही फुकट टेस्ट आहे, प्रत्येक शिफ्टला पाच पिना, भिंगाखाली, दाणे दिसले तर प्रेस थांबवायची. ही पहिल्या दिवसापासून असती तर जुलैतच पकडलं गेलं असतं. चाळणीवरचा गाळ वाळवून छोट्या बाटलीत लॉट नंबर घालून ठेवणं, तेही तसंच स्वस्त.

प्रूफ टेस्टवर आमच्यात अजून एकमत नाही. प्रत्येक तयार पिन जिगमध्ये बाजूने ठरावीक लोडने दाबायची, कमजोर असेल ती तिथेच मोडेल, म्हणजे शेपटीच कापली जाईल. मॅडमना हवीय. मालकांचं म्हणणं, चांगल्या पिनेलाही त्या दाबाने बारीक इजा झाली तर काय, आणि मोडलेल्यांचा खर्च कोण भरणार. इजेची भीती मला तितकीशी पटत नाही, लोड झटकन काढला आणि जिगचे टेकू नीट गोल असले तर धोका कमी असतो, पण खर्चाचा मुद्दा खरा आहे. मॉड्युलस १२ वर मोडणाऱ्या थोड्याच निघतील. ७ वर असताना ही टेस्ट असती तर पहिल्याच दिवशी ट्रे भरून तुकडे निघाले असते, आणि ते चाकणला नाही, रबाळ्यातच मोजले गेले असते.

पॉलियुरेथेनचं लायनिंग अजून तेच आहे. नायट्राइडच्या टाइल्सचं लायनिंग मिळतं पण भाव ऐकून मालकांनी चहा मागवला. तोवर चाळणी, आणि दर महिन्याला टॉर्च घेऊन मिलमध्ये डोकावणं. पावसाळ्यात पेटीतली आर्द्रता ६० च्या वर जाते तेव्हा दाणे गोळे व्हायला लागतात, त्याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही, सध्या आर्द्रता एका जागी धरून ठेवायला पेटीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवून बघतायत, कुठलं मीठ बरं पडतं यावर काका आणि मॅडमचं रोज वाजतं.